पाऱ्यावरची साय

चिनी मातीच्या पांढऱ्या बशीत वाटाण्याएवढा पारा घ्यावा आणि बशी हलकेच तिरपी करावी. (खाली काठ असलेला ट्रे हवाच, आणि हे काम वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचे.) पारा शुद्ध असेल तर थेंब गोलच्या गोल घरंगळतो, मागे काही ठेवत नाही. अशुद्ध असेल तर त्याला शेपूट फुटते. थेंब पुढे सरकतो, त्याची मागची बाजू निमुळती होते आणि बशीवर करडी रेघ उमटते. ही रेघ पाऱ्याची नव्हे. पाऱ्यात विरघळलेले जस्त, शिसे किंवा तांबे पृष्ठभागाशी येते, हवेतल्या ऑक्सिजनशी जुळते आणि दुधावर धरावी तशी पाऱ्यावर ऑक्साइडची साय धरते. अशुद्धीचे प्रमाण अगदी नगण्य असले तरी शेपूट दिसते. एकही उपकरण न लागणारी इतकी नेमकी चाचणी रसायनशास्त्रात क्वचितच सापडेल.

द्रव धातूंचा विचार करताना मन पुन्हा पुन्हा या सायीपाशी येऊन थांबते. पारा असो, गॅलियम असो की अणुभट्टीतले सोडियम. त्यांचा उपयोग आणि त्यांचा धोका दोन्ही बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या काही अणूंच्या थरात ठरतात. साय आहे की नाही, ती फाटली की टिकली, तिने आतल्या धातूला झाकले की हवेच्या स्वाधीन केले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

आधी शेपूट फुटलेल्या पाऱ्याचे काय करायचे ते पाहू. गाळणकागदाचा शंकू करून टोकाला सुईने एक-दोन छिद्रे पाडायची आणि पारा त्यातून गाळायचा. पारा खालून बारीक धारेने निघतो, साय कागदाला चिकटून राहते. शेवटचे एक-दोन थेंब मुद्दाम वरच ठेवायचे, कारण मळ त्यांच्यावर तरंगत असतो. एवढ्याने धूळ आणि साय जाते, विरघळलेले धातू जात नाहीत. त्यासाठी उंच काचनळीत पातळ नायट्रिक आम्ल, साधारण ५ ते १० टक्क्यांचे, भरून त्यातून पारा बारीक थेंबांनी खाली पाडतात. जस्त, शिसे, तांबे हे धातू पाऱ्याच्या आधी आम्लाला बळी पडतात. नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने धुवून, गाळणकागदाने टिपून पारा कोरडा करायचा. इथे एक चूक हमखास होते: वापरलेले आम्ल मोरीत ओतले जाते. त्या आम्लात थोडा पाराही विरघळलेला असतो, आणि पाण्यात विरघळणारे पाऱ्याचे नायट्रेट पोटात गेले तर मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त घातक ठरते. ते वेगळ्या बाटलीत, चिठ्ठी लावून ठेवायचे असते. चांदी, सोने यांसारखे धातू मात्र आम्लाने निघत नाहीत. त्यांच्यासाठी निर्वातात ऊर्ध्वपातन हाच मार्ग.

पारा असा वारंवार उकळून इतका शुद्ध करता येतो, हीच गोष्ट भौतिकशास्त्राला एकदा फार उपयोगी पडली. अतिशीत तापमानाला धातूंचा विद्युतरोध कसा बदलतो हे पाहायला डच भौतिकशास्त्रज्ञ हाइके कामरलिंग ओनस यांना शुद्धात शुद्ध धातू हवा होता. १९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला त्यांनी पारा निवडला, आणि ४.२ केल्विनपाशी त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. अतिसंवाहकता पहिल्यांदा दिसली ती अशी.

पण पारा मुळात द्रव का? आवर्तसारणीत त्याच्या वर बसलेले जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळते, कॅडमियम ३२१ अंशांना, आणि पारा उणे ३८.८ अंशांना. उत्तर सापेक्षता सिद्धांतात आहे. पाऱ्याच्या अणुकेंद्रावर ८० धनप्रभार आहेत. त्यांच्या ओढीने आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या अर्ध्याहून जास्त वेगाने फिरतात, त्यांचे कक्षक आक्रसतात, आणि त्याच कारणाने सर्वांत बाहेरची इलेक्ट्रॉनांची जोडीही केंद्राकडे ओढली जाते. शेजारच्या अणूशी बंध करायला ती नाखूश असते. २०१३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी संगणकावर सापेक्षतेचा परिणाम वगळून पाऱ्याचा वितळणबिंदू काढला, तर तो सुमारे १०५ अंशांनी वर गेला. म्हणजे सापेक्षता नसती तर पारा उन्हाळ्यातल्या दुपारीसुद्धा घट्ट, साध्या धातूसारखा टेबलावर पडून राहिला असता.

अणू एकमेकांना सैल धरतात म्हणून पारा द्रव आहे, आणि सैल धरतात म्हणूनच तो खोलीच्या तापमानालाही वाफ होऊन निसटतो. उपयोग आणि विष या एकाच कारणाच्या दोन फांद्या आहेत.

वायुभारमापकात या दोन फांद्या शेजारी शेजारी दिसतात. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीच्या १६४३ च्या प्रयोगापासून पाऱ्याचा स्तंभ ७६० मिलिमीटरच्या आसपास उभा आहे. पाण्याचा स्तंभ वापरायचा तर नळी १० मीटरपेक्षा उंच लागते, शिवाय वरच्या पोकळीत पाण्याची वाफ भरते आणि २० अंशांना तिचा दाब साडेसतरा मिलिमीटर पाऱ्याइतका होतो. पाऱ्याच्या स्वतःच्या वाफेचा दाब त्याच तापमानाला ०.००१२ मिलिमीटर. स्तंभ वाचताना हा आकडा कोणी विचारातही घेत नाही. वाचताना जपायच्या गोष्टी वेगळ्याच असतात. पारा काचेला भिजवत नाही, म्हणून त्याचा माथा फुगीर असतो. वाचन त्या फुगीर माथ्याच्या शिखराशी, डोळा बरोबर त्याच पातळीत आणून घ्यायचे. वाचनाआधी नळीला बोटाने हलकी टिचकी मारायची, म्हणजे काचेला अडकून बसलेला माथा मोकळा होतो. आणि तापमानाची दुरुस्ती विसरायची नाही: २० अंशांना पितळी मोजपट्टीवर ७६० मिलिमीटर दिसले तर त्यातून सुमारे अडीच मिलिमीटर वजा करावे लागतात, कारण गरम पारा हलका असतो आणि तेवढाच दाब तोलायला उंच चढतो. अडीच मिलिमीटर म्हणजे हवामानाच्या नोंदीत चांगली मोठी चूक.

तापमापीची रचनाही पाहण्यासारखी आहे. काचेचे स्वतःचे प्रसरण वजा जाता पारा दर अंशाला आपल्या आकारमानाच्या सुमारे ६३०० व्या भागाने वाढतो. एका जुन्या ताप मोजायच्या नळीत साधारण १ ग्रॅम पारा धरला, तर त्याचे आकारमान ०.०७४ घन सेंटिमीटर. एका अंशाला ६ मिलिमीटर चढ हवा असेल तर आतल्या छिद्राचा व्यास मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणजे केसाएवढा, ठेवावा लागतो. इतकी बारीक रेघ डोळ्याला दिसणार नाही, म्हणून काचेचा दर्शनी भाग भिंगासारखा फुगीर करतात. खालच्या, पारा भरलेल्या फुग्याच्या गळ्याशी एक चिमटा, म्हणजे आवळलेली अरुंद जागा, असतो, त्यामुळे नळी बाहेर काढल्यावर पारा तिथे तुटतो आणि झटका देईपर्यंत वरच राहतो. प्रयोगशाळेतल्या तापमापीला हा चिमटा नसतो; तिला झटकले तर स्तंभ उगाचच तुटतो. असा तुटलेला स्तंभ जोडायला फुगा कोरड्या बर्फात हळूहळू थंड करतात, सगळा पारा फुग्यात उतरला की सरळ उभा धरून खोलीच्या तापमानाला येऊ देतात. ज्योतीवर धरून जोडायला गेले की फुगा फुटतो.

आता तोच १ ग्रॅम जमिनीवर सांडला असे समजू.

एकसंध गोळी राहिली तर तिचा व्यास ५.२ मिलिमीटर आणि पृष्ठभाग ०.८५ चौरस सेंटिमीटर. पण पडताना पारा फुटतो, आणि कोणी केरसुणी फिरवली तर आणखी फुटतो. तेवढाच पारा ०.१ मिलिमीटरच्या थेंबांत विखुरला की पृष्ठभाग ४४ चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे पन्नास पटींहून जास्त. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते, म्हणून वाफही तेवढ्या पटीने वेगात निघते. केरसुणी नको, याचे कारण या भागाकारात आहे. २० अंशांना पाऱ्याच्या वाफेने पूर्ण भरलेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे १३ मिलिग्रॅम पारा असतो, ३० अंशांना जवळजवळ ३०. आठ तासांच्या कामासाठी बऱ्याच ठिकाणी मानली जाणारी मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे संपृक्त हवा तिच्या पाचशे पट. चाळीस घनमीटरच्या बंद खोलीत ही मर्यादा गाठायला हवेत १ मिलिग्रॅम पारा पुरतो, त्या फुटलेल्या नळीतल्या पाऱ्याचा हजारावा भाग. हवा खेळती असेल तर वाफ साचत नाही, म्हणून खिडकी उघडणे हे पहिले काम.

क्रम असा. मुले आणि पाळीव प्राणी आधी बाहेर, आणि कोणाच्या पायाखाली पारा येऊन दुसऱ्या खोलीत जाणार नाही हे पाहायचे. खिडक्या उघडायच्या, आतला दरवाजा लावून घ्यायचा, हवा घरभर फिरवणारे यंत्र बंद करायचे. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचे, कारण सोन्याला पारा लागताच ते पांढरे पडते. नायट्राइलचे हातमोजे घालायचे. काचेचे तुकडे आधी उचलायचे. मग जाड कागदाच्या दोन पट्ट्यांनी थेंब एकमेकांकडे ढकलत नेऊन मोठी गोळी करायची आणि ती ड्रॉपरने ओढून, थोडे पाणी घातलेल्या घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत सोडायची. खोलीत अंधार करून विजेरी जमिनीलगत आडवी धरली की न दिसलेले थेंब चमकून उठतात. फटीत, कपाटाच्या पायाशी, अपेक्षेपेक्षा खूप दूरवर. ते चिकटपट्टीने टिपून घ्यायचे. गालिच्यात पारा गेला असेल तर तेवढा तुकडा कापून पिशवीत बंद करणे शहाणपणाचे. व्हॅक्यूम क्लीनर चुकूनही लावायचा नाही: तो पाऱ्याचे तुषार करतो, मोटरच्या उष्णतेने त्यांची वाफ करतो आणि ती खोलीभर फुंकतो, वर यंत्र कायमचे बाद होते. पारा लागलेले कपडे धुण्याच्या यंत्रात घालायचे नाहीत. मोरीत काही ओतायचे नाही, कारण मोरीच्या वाकड्या नळीत पारा वर्षानुवर्षे बसून राहतो. बाटली घातक कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यायची, आणि खोली निदान दिवसभर उघडी ठेवायची.

गंधकाची भुकटी टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. खलात गंधक आणि पारा तासन्‌तास घोटला की काळी कज्जली होते, ती घोटण्यामुळे. जमिनीवर नुसती भुकटी भुरभुरली की थेंबाला वरून सल्फाइडची साय धरते आणि आत पारा तसाच राहतो. फटींतल्या, हाती न येणाऱ्या कणांसाठी गंधक ठीक. दिसणारा पारा मात्र उचललाच पाहिजे, कारण पाय पडला की ती साय फाटते.

पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, घशाला खवखव नाही. पण तिची सावली पाडता येते. कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा २५३.७ नॅनोमीटरचे अतिनील किरण देतो, आणि पाऱ्याचा अणू नेमके तेच किरण शोषतो. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर जस्ताच्या सिलिकेटचा पडदा ठेवला की तो हिरवा चमकतो. मध्ये पाऱ्याची उघडी बाटली आणली की पडद्यावर तोंडातून काळा धूर वळणे घेत निघताना दिसतो. प्रत्यक्षात डोळ्यासमोर काहीच नसते, फक्त पडद्यावर ती सावली. बाटली हाताच्या उबेने तापली की धूर दाट होतो. (या किरणांनी डोळे भाजतात, त्यांना अडवणारा चश्मा लावल्याशिवाय हा प्रयोग करायचा नाही.) हवेतला आणि पाण्यातला पारा मोजणारी बरीच उपकरणे याच शोषणावर चालतात. पाऱ्याजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने हा पडदा एकदा तरी पाहावा. नियमांचा कागद वाचून जे पटत नाही ते त्या सावलीने पटते.

गिळलेल्या धातुरूप पाऱ्यापैकी दहा हजारांत एक भागसुद्धा शरीरात शोषला जात नाही. श्वासातून आलेल्या वाफेपैकी मात्र सुमारे ८० टक्के रक्तात जाते. प्रभार नसलेला हा अणू मेंदूच्या राखणीच्या पडद्यातून सहज आत शिरतो, तिथे त्याचे आयनात रूपांतर होते आणि आयनाला परतीची वाट सोपी नसते. बोटांना कंप, बिघडत जाणारे हस्ताक्षर, सुजलेल्या हिरड्या, झोप उडणे, विनाकारण बुजरेपणा किंवा चिडचिड, मूत्रपिंडावर ताण: दीर्घकाळ वाफ घेतलेल्या कामगारांत हे दिसते. पारा तापवला तर मामला तासांचा होतो आणि आधी फुप्फुसे जातात. म्हणून बंदिस्त व्यवस्था नसेल तर पारा किंवा पारा लागलेले काहीही ज्योतीवर धरायचे नाही.

धातू, क्षार आणि सेंद्रिय संयुगे ही पाऱ्याची तीन रूपे तीन वेगळी विषे मानावीत. जपानमधल्या मिनामाताच्या उपसागरात रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून मिथिलमर्क्युरी हे पाऱ्याचे सेंद्रिय संयुग गेले, माशांत साठले, आणि १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला. अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जात होते. ती प्रक्रिया १९६८ पर्यंत चालू राहिली. खाण्यातून आलेले मिथिलमर्क्युरी जवळजवळ सगळे शोषले जाते. त्याच गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे.

डायमिथिलमर्क्युरी या दुसऱ्या सेंद्रिय संयुगाबद्दल तर एकच घटना पुरे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये त्याचे काही थेंब पडले. काम वाफा ओढणाऱ्या कपाटात चालले होते, हातमोजा लॅटेक्सचा होता, तेव्हाच्या नियमांत काहीच चुकले नव्हते. नंतर तपासले तेव्हा कळले की हे संयुग लॅटेक्समधून काही सेकंदांतच पार जाते. लक्षणे दिसायला पाच महिने लागले, आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. तेव्हापासून या संयुगाला पर्याय शोधणे, आणि अटळच असेल तर थर दिलेल्या प्लॅस्टिकचा हातमोजा आत व जाड लांब हातमोजा बाहेर घालणे, असा दंडक पडला.

पाऱ्याचा आणखी एक धोका साठवणीतला. जुन्या दाबमापकांत पारा अमोनियाच्या किंवा अ‍ॅसिटिलीनच्या संपर्कात राहिला की स्फोटक संयुगे साठू शकतात. असे जुने उपकरण खरवडून साफ करायला जायचे नाही. आणि साठवायचे भांडे लोखंडाचे किंवा जाड प्लॅस्टिकचे, कारण लोखंड पाऱ्यात विरघळत नाही. जुन्या व्यापारात पारा ३४.५ किलोच्या लोखंडी कुप्यांतून फिरे तो यामुळेच.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट उलटी. एरवी त्याला काही नॅनोमीटर जाडीची ऑक्साइडची साय सांभाळते, आणि ती शाबूत असेल तर पारा वरून घरंगळून जातो. पण ओरखडा पडला असेल आणि तिथे पारा पोचला, तर पारा अ‍ॅल्युमिनियमला विरघळवत पृष्ठभागावर आणतो. तिथे साय धरायला घट्ट जमीनच उरलेली नसते. ऑक्साइड पांढऱ्या पिसांसारखे उगवत राहते, गळते, पुन्हा उगवते, आणि पारा मात्र संपत नाही. तो पुढच्या अ‍ॅल्युमिनियमकडे सरकतो. विमानात पारा नेण्यावर इतके कडक निर्बंध आहेत त्यामागे ही पांढरी पिसे आहेत.

गॅलियमकडे लोक पाऱ्याचा निरुपद्रवी भाऊ म्हणून पाहतात. वाफेच्या बाबतीत ते खरे आहे: गॅलियम २९.७६ अंशांना वितळते आणि २२०० अंशांच्या वर उकळते, त्यामुळे खोलीच्या हवेत त्याची वाफ जवळजवळ नसतेच. पण ते पाऱ्यासारखे वागत नाही. काचेला, कातडीला, कापडाला करडे माखते. कारण पुन्हा साय. हवा लागताच त्यावर १ ते ३ नॅनोमीटर जाडीचे ऑक्साइड धरते आणि ते कशालाही चिकटते. वजनाने ७५.५ टक्के गॅलियम आणि २४.५ टक्के इंडियम यांची मिश्रधातू साधारण साडेपंधरा अंशांना वितळते. तिचा थेंब सुईतून बाहेर काढला तर गोल होत नाही, धाग्यासारखा उभा राहतो, कारण साय त्याला पिशवीसारखी धरून ठेवते. वाकणारी, ताणली जाणारी विद्युतमंडले या पिशवीमुळे शक्य झाली. त्यावर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडा; साय विरघळते आणि धागा क्षणात गोळीत आक्रसतो. आम्लाखाली ठेवलेल्या मिश्रधातूतून हळूहळू हायड्रोजन सुटतो, तेव्हा बाटलीचे झाकण घट्ट लावू नये. शुद्ध गॅलियम काचेच्या बाटलीतही ठेवू नये: गोठताना ते पाण्यासारखे, सुमारे ३ टक्के, फुगते आणि बाटली फोडते. वितळलेले गॅलियम २५ अंशांना आणूनही घट्ट होत नसेल तर नवल नाही. त्याला घट्ट गॅलियमचा एखादा स्फटिक लावला की काम होते.

अ‍ॅल्युमिनियमशी मात्र गॅलियमचेही वैर आहे. खरवडलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर थेंब घासून काही तास ठेवला की तो स्फटिककणांच्या सीमांमधून आत झिरपतो आणि पट्टी बिस्किटासारखी हाताने मोडते. संगणकाच्या प्रोसेसरवर उष्णतावाहक म्हणून द्रव धातू लावणाऱ्यांनी हे आधी तपासावे: वरचा ठोकळा तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेलाच हवा. थर कापसाच्या बोळ्याने, आरसा दिसेल इतका पातळ. जास्त झाला तर ओघळून शेजारचे जोड एकमेकांना जोडेल, कारण तो वीज वाहतो. उघड्या तांब्यात गॅलियम हळूहळू मुरते, थर कोरडा पडतो आणि पुन्हा लावावा लागतो.

आग लागणाऱ्या द्रव धातूंकडे वळले की साय हा शब्दच अंगावर येतो. सोडियम आणि सुमारे ७८ टक्के पोटॅशियम यांची मिश्रधातू उणे १२.६ अंशांपर्यंत द्रव राहते आणि दिसायला अगदी पाऱ्यासारखी. पाण्याशी गाठ पडली की पेटते. पण तिचे जास्त फसवे रूप जुन्या बाटलीत दिसते: हवा लागत राहिली की वर पिवळसर पोटॅशियम सुपरऑक्साइडची साय जमते. तिच्यावर तेल पडले आणि तिला धक्का बसला तर स्फोट होतो. अमेरिकेत ओक रिजच्या कारखान्यात डिसेंबर १९९९ मध्ये सांडलेल्या अशा मिश्रधातूवर खनिज तेल फवारले गेले आणि साफसफाई करताना नेमके हेच घडले. कामगार जखमी झाले. बाटलीत पिवळी साय दिसली तर झाकणालाही हात न लावता जाणकाराला बोलवायचे. आगीवर कोरडी वाळू, कोरडा सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा) किंवा धातूंच्या आगीसाठीची भुकटी. पाणी नाही, कार्बन डायऑक्साइड नाही.

वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या अणुभट्टीत उष्णता वाहून न्यायला द्रव सोडियम वापरतात ते न्यूट्रॉनना फारसे मंदावत नाही, उष्णता झपाट्याने नेते आणि ८८३ अंशांपर्यंत उकळत नाही म्हणून. साध्या दाबावर काम भागते. वीजवाहक असल्याने ते चुंबकीय पंपाने, एकही फिरता भाग न लावता ढकलता येते. इथे साय काढून टाकायची युक्ती सुंदर आहे. सोडियममध्ये ऑक्साइडची विद्राव्यता तापमान उतरले की झपाट्याने घटते, म्हणून थोडा प्रवाह बाजूला काढून वितळणबिंदूच्या जरा वरपर्यंत थंड करतात आणि तारेच्या जाळीतून नेतात. ऑक्साइड जाळीवर स्फटिकरूपाने बसते, स्वच्छ सोडियम परत जाते. जपानच्या मोंजू भट्टीत ८ डिसेंबर १९९५ ला सुमारे ६४० किलो सोडियम गळले, त्याचे कारण मात्र याहून साधे होते: तापमान मोजणारी एक नळी प्रवाहातल्या कंपनांनी थकून तुटली. धातूच्या प्रवाहात उभी केलेली प्रत्येक नळी वाऱ्यातल्या तारेसारखी थरथरते, आणि तिचा आकार ठरवताना हे गणित चुकले होते.

सोडियमच्या जागी भट्टीत वापरली जाणारी शिसे-बिस्मथची मिश्रधातू पेटत नाही, तरी तिच्या अडचणी कमी नाहीत. ती सुमारे १२४ अंशांना गोठते, म्हणून भट्टी बंद असतानाही नळ्या तापवत ठेवाव्या लागतात. बिस्मथवर न्यूट्रॉन आदळून किरणोत्सारी पोलोनियम-२१० तयार होते. शिवाय ती पोलादातले निकेल विरघळवते, आणि पोलाद वाचवायला त्याच्यावर ऑक्साइडची साय टिकवावी लागते. त्यासाठी द्रवात ऑक्सिजन हवा. जास्त झाला तर शिशाचेच ऑक्साइड गाळासारखे साचते. सोव्हिएत पाणबुडी के-२७ मध्ये मे १९६८ मध्ये अशाच गाळाने एका भट्टीतला प्रवाह अडला, इंधन तापले, आणि किरणोत्साराने नऊ खलाशी गेले. ऑक्सिजनचे प्रमाण एका अरुंद पट्ट्यात धरून ठेवणे हा या धातूच्या तंत्रज्ञानाचा गाभा आहे.

पारा आता बहुतेक उपकरणांतून निघून गेला आहे आणि ते योग्यच आहे. पण जिथे त्याची जागा दुसऱ्याला सहज घेता येत नाही असे एक काम नैनिताल जिल्ह्यातल्या देवस्थळला चालते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या दुर्बिणीचा ४ मीटर व्यासाचा आरसा म्हणजे फिरत्या थाळीत पसरलेला पारा. द्रव फिरवला की त्याचा पृष्ठभाग आपोआप पॅराबोला होतो आणि नाभीय अंतर फक्त गुरुत्वाकर्षण व फिरण्याच्या वेगावर ठरते. दर ८ सेकंदांना एक फेरी धरली तर ते ८ मीटर येते. घासणे नाही, चकाकी देणे नाही. अडचण थराच्या जाडीची आहे. पाऱ्याचा पृष्ठताण इतका मोठा की सपाट जागी मोकळा सोडलेला पारा साडेतीन मिलिमीटरपेक्षा पातळ व्हायला तयार नसतो, पसरवला तर मध्येच भोके पडून गोळा होतो. जाड थर तर नको, कारण वजन वाढते आणि लाटा लवकर विरत नाहीत. थाळी आधीच पॅराबोलाच्या आकाराची करून घेतात ती त्यासाठी, म्हणजे वर साधारण ५० लिटर पारा पुरतो. वजन पावणेसातशे किलोच्या आसपास. फिरत्या हवेने लहरी उठू नयेत म्हणून वर अतिपातळ प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो.

इतका पारा उघडा, १२ चौरस मीटरच्या पृष्ठभागावर. पहिले काही तास तिथे मुखवट्याशिवाय जाता येत नाही. मग हवेच्या संपर्कात त्याच्यावर ऑक्साइडची पारदर्शक साय धरते, प्रकाश तिच्यातून जातो आणि येतो, पण बाष्पीभवन तिच्याखाली दबते. आरसा साफ करायला थांबवला आणि ती साय फाटली की मुखवटा पुन्हा चढवायचा, आणि वाफेचा आकडा उतरेपर्यंत काढायचा नाही.